पियाट: पडद्यावर दिसतं ते आणि हातात येतं ते

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या महायुद्धात इंफाळच्या आघाडीवर एक गुरखा जवान पियाटने, म्हणजे ब्रिटिश पायदळाच्या खांद्यावरून मारायच्या रणगाडाविरोधी शस्त्राने, जपानी रणगाडे उडवतो, त्या प्रसंगावर वीसेक मिनिटांची फिल्म करायची आहे. चित्रीकरण पावसाळ्यात, भातखाचरात. संदर्भासाठी 'अ ब्रिज टू फार' पाहून झालाय, दोन-तीन गेम खेळून झालेत. आता विचारणा अशी की पियाट म्हणजे ब्रिटिशांचा बझूकाच ना, मागून ज्वाळा दाखवायच्या का, फायबरची हलकी प्रतिकृती चालेल का, आणि नटाला नेमकं शिकवायचं काय.

पहिल्याच प्रश्नाला स्पष्ट 'नाही'. पियाट हा बझूका नाही, त्याच्या जातीचाही नाही. बझूका म्हणजे अमेरिकी पायदळाची दोन्ही बाजूंनी उघडी नळी. तिच्यातून रॉकेट सुटतं आणि मागून आगीचा लोळ सुटतो. पियाटची मागची बाजू बंद असते, तिथे खांद्याला टेकायची गादी असते. पुढे नळीऐवजी वरून उघडं अर्धगोल पन्हाळं असतं आणि बॉम्ब त्यात ठेवलेला असतो. मधल्या जाड नळकांड्यात एक भलीमोठी स्प्रिंग आणि तिच्या जोरावर पुढे झेपावणारा पोलादी दांडा, म्हणजे स्पिगॉट. पियाटचं सगळं वेगळेपण या दांड्यात आहे. तुमच्या नटाची प्रत्येक हालचाल त्यावरूनच ठरणार आहे, म्हणून आधी तो समजून घ्या.

बॉम्बची शेपटी पोकळ नळीची असते आणि तिच्या पुढच्या टोकाशी एक छोटं काडतूस बसवलेलं असतं. घोडा, म्हणजे चाप, ओढला की स्प्रिंग सुटते, दांडा पुढे धावतो, बॉम्बच्या शेपटीत शिरतो, आणि दांड्याच्या टोकावरची पिन काडतुसावर आदळते. काडतूस फुटल्यावर वायूचा दाब एका बाजूला बॉम्ब पुढे फेकतो आणि दुसऱ्या बाजूला दांडा मागे ढकलतो. साध्या तोफेत गोळा नळीच्या आत असतो. इथे बॉम्बच दांड्यावर टोपीसारखा चढतो. म्हणून बॉम्बचं डोकं हवं तेवढं मोठं करता आलं आणि शस्त्राला लांब जाड नळीची गरज उरली नाही.

दांडा मागे येताना स्प्रिंग पुन्हा दाबतो आणि ती आपोआप खटक्यावर अडकते. म्हणजे पुढचा बार तयार. निदान अपेक्षा तरी तशी असते. ती कधी फसते ते पुढे सांगतो, कारण तुमच्या कथेत नेमकं तेच महत्त्वाचं ठरणार आहे.

कल्पनेचं मूळ स्ट्युअर्ट ब्लॅकर यांच्याकडे जातं. हिंदुस्थानी लष्कराच्या गाइड्स पलटणीत नोकरी केलेला हा अधिकारी १९३३ च्या एव्हरेस्टवरून झालेल्या पहिल्या विमानोड्डाणातही होता. दांड्यावरून बॉम्ब फेकण्याचा नाद त्यांना वर्षानुवर्षांचा. त्यांच्या प्रयोगांवरून मेजर मिलिस जेफरिस यांनी एम.डी.१ या खास शस्त्रविभागात पियाटला अंतिम रूप दिलं. उत्पादन १९४२ मध्ये सुरू झालं, १९४३ मध्ये ते रणांगणावर आलं आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,१५,००० नग बनले. त्याआधी पायदळाकडे बॉइज नावाची अर्ध्या इंचाहून जाड गोळीची रायफल होती. १९४० नंतरच्या रणगाड्यांच्या पत्र्यावर तिची गोळी नुसती ओरखडा काढायची.

आता आकडे. यातला प्रत्येक आकडा कॅमेऱ्यासमोर उपयोगी पडणारा आहे. लांबी ९९ सेंटीमीटर. वजन सुमारे साडेचौदा किलो, बॉम्ब न धरता. बॉम्ब सव्वा किलोच्या आसपास. तोंडाशी वेग सेकंदाला ७६ मीटर. रणगाड्यावर सरळ मारा करण्याचं अंतर १०५ मीटरपर्यंत. तोंड वर करून उखळीसारखं वापरलं, तर घरं-खंदकांवर ३२० मीटरपर्यंत. भेदनक्षमता साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पोलाद. आणि स्प्रिंग दाबायला लागणारा जोर सुमारे ९० किलो.

या शेवटच्या आकड्यापाशी थांबू या. ९० किलो म्हणजे धान्याच्या क्विंटलच्या पोत्याहून थोडं कमी. ते वाकून, फक्त हातांनी आणि पाठीच्या ताकदीने वर ओढायचं. स्प्रिंग चढवण्याची कृती अशी: पियाट जमिनीवर उभं करायचं, खांद्याची गादी खाली. दोन्ही पाय त्या गादीवर दोन बाजूंनी रोवायचे. नळकांडं हातांनी थोडं फिरवायचं, की ते गादीपासून सुटतं आणि आतला दांडा मात्र गादीशी अडकून राहतो. मग वाकून, नळकांडं घट्ट धरून, पाठ सरळ करत वर ओढायचं. वजन उचलणारा पहिलवान जमिनीवरून बार उचलतो तसंच. खट्ट आवाज आला, की दांडा खटक्यावर अडकला. मग नळकांडं हळूच खाली आणून उलटं फिरवून पुन्हा गादीशी बसवायचं.

बुटक्या माणसाला ही कृती फार जड जायची, कारण नळकांडं खटक्यापर्यंत वर न्यायला उंचीच पुरत नाही. आडवं पडून तर जवळजवळ अशक्य. पाठीवर लोळून, पाय गादीवर टेकवून ओढायचा प्रयत्न करता येतो, पण समोरून मशीनगन चालू असताना तेवढी जागा आणि वेळ कुठे मिळणार? म्हणून कारवाईवर निघताना स्प्रिंग आधीच चढवून ठेवायची, बॉम्ब मात्र पन्हाळ्यात ठेवायचा नाही, अशीच शिकवण होती. तुमच्या फिल्ममध्ये जवान शत्रूसमोर उभा राहून स्प्रिंग चढवताना दाखवू नका. ते दृश्य हवंच असेल तर आदल्या रात्रीच्या खंदकात घ्या. पावसात, चिखलात पाय सरकत असताना जोडीदार कमरेला धरून आधार देतोय, असं दाखवलं तर लढाई सुरू होण्याआधीच हे शस्त्र काय मागतं ते प्रेक्षकाला कळेल.

प्रतिकृतीबद्दल माझं ठाम मत आहे: फायबरची तीन किलोची प्रतिकृती घेऊ नका. नट ती एका हातात सहज उचलतो, वळताना खांदा झुकत नाही, रांगताना कोपर रुतत नाही, आणि पहिल्याच शॉटमध्ये सगळं खोटं पडतं. आतून लोखंडी पाइप आणि वाळू किंवा शिसं भरून वजन किमान बारा किलोंपर्यंत न्या. वजन मागच्या दोन तृतीयांश भागात ठेवा, कारण खऱ्या शस्त्रात स्प्रिंग आणि दांडा तिथे असतात, पुढचं पन्हाळं पत्र्याचं आणि हलकं. धावण्याच्या आणि पडण्याच्या शॉटसाठी दुसरी हलकी प्रतिकृती असू दे. स्प्रिंग मात्र खरी, जोरदार बसवू नका. सुटलेल्या स्प्रिंगने बोटं चिरडली जातील. दहा-पंधरा किलोची मऊ स्प्रिंग आणि खट्ट आवाज करणारा खटका पुरे. उरलेला जोर नटाने पाठीतून दाखवायचा. उघड्यावर चित्रीकरण असेल, तर अशी हुबेहूब प्रतिकृती बाहेर काढण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवून ठेवा. स्फोटाचं काम परवानाधारक माणसाकडेच द्या.

बॉम्ब हाताळण्यात बहुतेक चित्रपट घाई करतात. बॉम्ब तीन-तीनच्या जोडणीत, पुठ्ठ्यासारख्या नळ्यांतून वाहून नेले जात. फ्यूज, म्हणजे आदळल्यावर बॉम्ब फोडणारा भाग, बॉम्बच्या नाकात बसवलेला नसायचा, सुरक्षिततेसाठी वेगळा ठेवलेला असायचा आणि मारा करण्याआधी नाकात बसवायचा. हे काम दुसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे पियाटवाल्याच्या जोडीदार जवानाचं. ओल्या, थरथरत्या बोटांनी फ्यूज बसवणं हा जवळून टिपण्यासारखा क्षण आहे. त्यानंतर बॉम्ब वरून पन्हाळ्यात ठेवायचा, शेपटी मागे, आणि मागच्या कडेला असलेल्या चिमट्यांत ती सरकवून बसवायची. बॉम्बला धरून ठेवणारे एवढे चिमटेच. म्हणून तोंड खाली झुकलं की बॉम्ब घसरून बाहेर पडतो. उतारावरून खाली नेम धरताना, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खालच्या रस्त्यावर मारताना ही अडचण हमखास यायची. पडद्यावर मात्र छतावरून थेट खाली पियाट मारणारे सैनिक बघायला मिळतात.

नेम धरायची साधनं डाव्या बाजूला. मागे छिद्राची पट्टी, पुढे माशी. पट्टीवर ७० आणि १०० यार्डांची खूण. गोळीचा वेग नसल्यामुळे बॉम्ब दगडासारखा कमानीत जातो, म्हणून अंतर चुकलं की नेम चुकलाच. हिशेब करून बघा: १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर जायला बॉम्बला सुमारे १.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने सात मीटर खाली आला असता, म्हणून तोंड चार अंशांहून थोडं अधिक वर ठेवावं लागतं. वाटेत बॉम्ब नेमरेषेच्या वर जवळजवळ पावणेदोन मीटर जाऊन येतो. चालत्या रणगाड्याच्या पुढे किती नेम धरायचा, याचाही अंदाज हवा. रणगाडा ताशी १५ किलोमीटरने आडवा जात असेल तर या १.२ सेकंदांत तो पाच मीटर पुढे सरकतो, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीइतका. सराईत माणसांच्या हातूनही १०० यार्डांवर शंभरातले साठच बॉम्ब लागत, यात नवल नाही.

हेच गणित दृश्यपरिणामांच्या माणसाला द्या. सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) चित्रीकरणात बॉम्ब एका चौकटीत तीन मीटरांहून थोडा जास्त सरकतो. ९१ मीटरांच्या शॉटमध्ये तो २९ चौकटी हवेत असतो, म्हणजे डोळ्याला स्पष्ट दिसतो. ३० यार्डांवर मात्र आठ-नऊ चौकटींत खेळ संपतो. त्याच्या मागे धुराची रेघ ओढू नका. बॉम्बमध्ये जळणारं काहीच नसतं, काडतूस जागच्या जागी, शेपटीच्या आत फुटून संपलेलं असतं. संगणकावर बॉम्ब काढताना नाक बोथट, मागे चार पाती आणि त्यांना वेढणारं गोल कडं एवढं आलं पाहिजे.

आवाजही तसाच. 'फिस्स्स' करत जाणारं काहीतरी नको. घोडा ओढला की आधी जड लोखंड सुटल्याचा खणका, लगेच एक दबका धप्प. या दोन आवाजांत किंचित अंतर असतं, कारण दांड्याला पुढे धावून काडतुसापर्यंत पोचायला वेळ लागतो. घोडा ओढल्याबरोबर माणूस ढिला पडला तर तेवढ्यातच नेम हलतो. घोडा स्वतःही जड, एका बोटाने ओढला जाईल असा नाही. त्याच्याभोवतीचं कडं म्हणूनच मोठं आहे, अख्खा पंजा आत जावा असं. नटाला सांगा, बोट मोडून चाप दाबायचा नाही, मुठीने ओढायचा.

धक्क्याबद्दल उगाच भीती पसरलेली आहे आणि उगाच कौतुकही. बॉम्बचं वजन आणि वेग यांचा गुणाकार करून पाहिला तर तो थ्री-नॉट-थ्री रायफलच्या गोळीच्या दहापटीहून जास्त भरतो. एवढा धक्का एकदम खांद्यावर आला असता तर हाड मोडलं असतं. ते होत नाही, कारण काडतूस फुटतं तेव्हा जड दांडा अजून पुढेच धावत असतो. आधी त्याला थांबवण्यात आणि मग मागे ढकलून स्प्रिंग दाबण्यात धक्क्याचा मोठा भाग खर्च होतो. खांद्यावर येतो तो लांबवलेला, ढकलल्यासारखा, तरीही सणसणीत. त्यासाठी आडवं पडून, अंगाची रेघ शस्त्राच्या मागे सरळ ठेवून, गादी खांद्यात घट्ट ओढून धरायची. पुढे एकच पाय असतो, त्याची उंची कमी-जास्त करता येते.

घट्ट धरण्याचं कारण फक्त खांदा वाचवणं नाही. शस्त्र सैल धरलं तर ते धक्क्याबरोबर मागे जातं आणि दांडा नळकांड्याच्या तुलनेत पुरेसा मागे सरकतच नाही. स्प्रिंग खटक्यापर्यंत पोचत नाही. मग पुढचा बॉम्ब ठेवण्याआधी पुन्हा उभं राहून ते ९० किलोंचं ओढणं नशिबी येतं. पहिल्या बॉम्बनंतर पियाट गप्प का झालं, याचं हे सर्वांत साधं आणि सर्वांत घातक कारण.

दुसरं कारण फ्यूज. सुरुवातीच्या बॉम्बमध्ये नाक तिरकं आदळलं की फ्यूज पेटायचाच नाही. चाचण्यांत लक्ष्यावर आदळलेल्यांपैकी पाऊण हिस्साच नीट फुटले. पुढे तिरक्या माऱ्यातही पेटणारे फ्यूज आले. तिसरं, अंतर. बॉम्ब फार जवळ फुटला तर त्याचे तुकडे मारणाऱ्याकडेच परततात, म्हणून बॉम्ब सुटल्याबरोबर डोकं खाली घालायचं. पडद्यावरचा नायक मान उंचावून स्फोट बघत बसतो. खरा पियाटवाला स्फोट फक्त ऐकायचा.

बॉम्बचं काम वेगावर चालत नाही, आकारावर चालतं. आतल्या स्फोटकाला पुढून शंकूसारखी पोकळी दिलेली असते आणि पोकळीला धातूचं अस्तर. स्फोट झाला की अस्तर आतल्या आत कोसळून बारीक, प्रचंड वेगाच्या धारेसारखं पुढे झेपावतं आणि पत्रा भेदतं. 'वितळलेल्या धातूची धार' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते चूक. धातू वितळत नाही, दाबाखाली घनरूपातच वाहतो. पत्र्याला पडणारं भोक बोटाएवढं. रणगाडा चिंध्या होऊन उडत नाही. आत दारूगोळा किंवा इंधन पेटलं तर जळतो, नाहीतर नुसता थांबतो. माझा आग्रह असा की तुमच्या फिल्ममध्ये पहिला रणगाडा नुसता थांबवा. इंजिनाचा आवाज बंद पडतो, क्षणभर काहीच होत नाही, मग झाकण उघडून माणसं बाहेर पडू लागतात. आगीचा गोळा तुम्हाला स्वस्तात मिळेल, ही शांतता मिळणार नाही.

पुढून मारायचं की बाजूने, हे रणगाड्यावर अवलंबून. जर्मनांच्या टायगर रणगाड्याचा पुढचा पत्रा १०० मिलिमीटर, पँथरचा ८० पण तिरका. म्हणून युरोपात बाजूने किंवा मागूनच गाठायचं. जर्मनांनी रणगाड्यांना बाजूने बाहेरचे पातळ पत्रे लावायला सुरुवात केल्यावर पियाटचा परिणाम घटला. ब्रह्मदेश-इंफाळकडे उलट परिस्थिती. जपान्यांचा टाइप ९५ हा-गो हलका रणगाडा, पत्रा जाडीत जाड ठिकाणी १२ मिलिमीटर. बॉम्ब लागला आणि फुटला तर कुठूनही आरपार. तिथे सगळी अडचण एकच: पुरेसं जवळ जायचं कसं.

आता तुमचा प्रसंग. वर्णनावरून तो गंजू लामा यांचाच दिसतो. सिक्कीमचे भुतिया, मूळ नाव ग्यांत्सो, पलटणीच्या कागदावर ते गंजू झालं. पहिली बटालियन, सातवी गुरखा रायफल्स. मे १९४४ मध्ये इंफाळकडे येणाऱ्या तिद्दिम रस्त्यावर पियाटनेच रणगाडा निकामी केल्याबद्दल त्यांना मिलिटरी मेडल मिळालं होतं, म्हणजे त्या दिवशी हे शस्त्र त्यांना नवं नव्हतं. १२ जून १९४४, निंगथौखाँग, लोकटाक तळ्याच्या पश्चिमेला. जपानी रणगाड्यांनी कंपनी जागेवर खिळवून ठेवलेली. गंजू लामा पियाट घेऊन एकटे रांगत पुढे गेले. डावं मनगट मोडलेलं, उजव्या हाताला आणि पायाला जखमा. तशातही ३० यार्डांवर जाऊन त्यांनी एकामागून एक दोन रणगाडे निकामी केले. तिसरा रणगाडाविरोधी तोफेने टिपला. मग बाहेर पडणाऱ्या जपानी जवानांवरही ते चालून गेले. या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार.

पटकथा लिहिताना वर सांगितलेलं यंत्र इथे लावून बघा. मोडलेल्या मनगटाने ९० किलोंची स्प्रिंग कोणी चढवू शकत नाही. म्हणजे रांगायला निघताना स्प्रिंग चढलेली हवी, आणि पहिल्या बॉम्बनंतर ती आपोआप पुन्हा चढायला हवी. त्यासाठी जखमी हातांनीही गादी खांद्यात घट्ट ओढलेली हवी. या दृश्याचा सगळा ताण 'बॉम्ब लागतो की नाही' यात शोधू नका, तो 'खट्ट आवाज येतो की नाही' यात आहे. पहिला रणगाडा थांबल्यावर कॅमेरा रणगाड्यावर न नेता त्या माणसाच्या कानाशी ठेवा. बॉम्बही रांगताना पन्हाळ्यात नसावा, चिखलात तोंड झुकलं की तो घसरणार. बॉम्ब अंगाशी, पियाट कोपरांच्या घडीत आडवं, असं रांगणं दाखवा. ३० यार्डांवर तोंड जेमतेम सव्वा अंश वर लागतं, म्हणजे जवळजवळ सरळच. आणि जून महिना आहे, मणिपुरात पाऊस कोसळतोय, खाचरं भरलेली. बॉम्बच्या नाकावरून पाणी ओघळत असताना फ्यूज बसवणारी बोटं, हा शॉट सोडू नका.

उभ्याने पियाट मारल्याचं दृश्य घेऊ नका असं मी सहसा सांगतो, कारण धक्क्याने माणूस मागे फेकला जातो. पण इतिहासात त्याला सणसणीत अपवाद आहे: फ्रँक जेफरसन, लँकेशायर फ्युझिलिअर्स, १६ मे १९४४, इटलीतल्या कासिनोजवळ. झुडपाच्या आडून रणगाडा नीट दिसेना म्हणून हा माणूस उघड्यावर उभा राहिला आणि २० यार्डांवरून मारला. रणगाडा पेटला. दुसरा बॉम्ब भरून तो पुढच्या रणगाड्याकडे निघाला, तर तो रणगाडाच माघारी फिरला. पियाटच्या जोरावर मिळालेल्या सहा व्हिक्टोरिया क्रॉसपैकी हा एक. कॅनडाच्या अर्नेस्ट स्मिथ यांनी ऑक्टोबर १९४४ मध्ये इटलीतल्याच साव्हिओ नदीकाठी पँथर गाठला तो दहाएक मीटरांवर. नेदरलँड्समधल्या आर्न्हेमच्या लढाईत ओस्टरबेकला मेजर रॉबर्ट केन दिवसामागून दिवस पियाट घेऊन रणगाड्यांना सामोरे जात राहिले. एक बॉम्ब तोंडासमोरच फुटून काही काळ दिसेनासं झालं, तरी परत आले.

नुसत्या वीरकथांवरून शस्त्र जोखणं बरोबर नाही, म्हणून हेही सांगतो. नॉर्मंडीच्या सुरुवातीच्या लढायांत ब्रिटिशांनी निकामी केलेल्या जर्मन रणगाड्यांपैकी ७ टक्के पियाटच्या वाट्याला जातात, आणि विमानांतून सोडलेल्या रॉकेटांच्या वाट्याला ६ टक्के. कॅनडाच्या १६१ अधिकाऱ्यांना युद्धकाळात विचारलं तेव्हा पायदळाच्या शस्त्रांत परिणामकारक म्हणून त्यांनी पियाटला पहिला क्रमांक दिला, ब्रेन मशीनगनच्याही वर. मागे ज्वाळा नाही, धूर नगण्य, बंद खोलीतून मारता येतं, मारल्यावर जागा उघडी पडत नाही. घराघरांतून लढताना याची किंमत फार. वॉर्सॉच्या १९४४ च्या उठावात विमानांतून टाकलेली पियाट पोलिश लढवय्यांना उपयोगी पडली, तीही याच गुणांमुळे.

आता पडद्याकडे. 'अ ब्रिज टू फार' १९७७ चा, चित्रीकरण नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरला. त्यातलं पियाट दिसायला अस्सल आहे, छत्रीधारी सैनिकांच्या हातातली वजनदार बेढब वस्तू म्हणून ते पटतं. रणगाडे मात्र पत्रे चढवून पँथरचं सोंग दिलेले युद्धानंतरच्या काळातले लेपर्ड, म्हणून समोरचा रणगाडा आणि बॉम्ब यांचं प्रमाण त्यावरून ठरवू नका. हालचाली शिकायच्या असतील तर त्याऐवजी १९४६ चा 'देअर्स इज द ग्लोरी' बघा. आर्न्हेम-ओस्टरबेकच्या खऱ्या पडक्या घरांत, तिथे प्रत्यक्ष लढलेल्या जवानांनी स्वतःच्या भूमिका केलेल्या. वर्षापूर्वीपर्यंत जे रोज हातात होतं ते उचलताना माणूस काहीच दाखवत नाही. नटाला ते निवांतपण चार वेळा बघायला लावा.

गेममधून शिकण्यासारखं थोडं आहे. 'कंपनी ऑफ हीरोज'च्या २००७ च्या 'अपोझिंग फ्रंट्स' भागात पियाटचा बॉम्ब कमानीत जातो, कुंपणापलीकडे टाकता येतो आणि चालत्या रणगाड्याला सहज चुकतो. वर्तन म्हणून हे बरंच खरं. 'बॅटलफील्ड ५' मध्ये कमान आहे, पण खेळणारा उभ्याने मारतो आणि काही सेकंदांत पुन्हा तयार असतो. स्प्रिंग, फ्यूज, आडवं पडणं, सगळं गायब. तुमच्या नटाने हा गेम खेळून सवय लावली असेल तर ती आधी मोडावी लागेल: सरावाच्या पहिल्या दिवशी प्रतिकृती हातात देऊ नका, नुसतं पंधरा किलोंचं पोतं घेऊन ओल्या खाचरात तीस मीटर रांगायला लावा, आणि पोचल्यावर पोतं खांद्यात घट्ट ओढून दहा सेकंद न हलता धरायला सांगा. श्वास आवरता आला की मग प्रतिकृती द्या.